खाजगी डोळ्याचे मालक

‘द माल्टीज फाल्कन’ हा चित्रपट मी आतापर्यंत पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. पहिल्यांदा पाहिला तो एम. ए. ला असताना, वसतिगृहातल्या एका मित्राच्या संगणकावर. संवाद इतके भराभर की निम्मे कळले नाहीत. खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचून होईपर्यंत पुढचे वाक्य येऊन जाई. पण एक गोष्ट तेव्हाही मनात रुतून बसली. सॅम स्पेड नावाचा हा खाजगी गुप्तहेर कोणापुढेही मान तुकवीत नाही. पोलीस दारात येवोत, सरकारी वकील बोलावो, गडगंज माणूस समोर बसो, हा आपली सिगारेट वळतो आणि मनात येईल ते बोलतो. साहेबाच्या दाराबाहेर चपला काढून उभ्या राहणाऱ्या माणसांच्या घरातून आलेल्या पोराला असा माणूस आवडणारच. मलाही आवडला. पुढे इतिहास शिकवण्याचा धंदा पत्करला, थोडे वाचन झाले, आणि या आवडण्याचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे असे वाटू लागले. हा माणूस आला कोठून? त्याच्या धंद्याचा इतिहास काय? आणि पडद्यावर येताना त्याच्या अंगावरचे काय काय धुऊन काढले गेले?

चित्रपट 1941 चा, वॉर्नर ब्रदर्स कंपनीचा. जॉन ह्यूस्टनचे हे पहिले दिग्दर्शन. स्पेडची भूमिका जॉर्ज राफ्टने नाकारली म्हणून ती हंफ्री बोगार्टकडे आली. सिडनी ग्रीनस्ट्रीट हा साठी ओलांडलेला रंगभूमीवरचा नट या चित्रपटात पहिल्यांदाच पडद्यावर आला आणि गटमन या लठ्ठ, गोडबोल्या लुटारूच्या रूपाने कायमचा लक्षात राहिला. कादंबरी डॅशिएल हॅमेटची. ती ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावरच्या मासिकात 1929-30 मध्ये क्रमशः आली आणि 1930 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्यावर आधी 1931 आणि 1936 मध्ये चित्रपट निघाले होते, पण लोकांनी ध्यानात ठेवला तो हा तिसरा. कथा गुंतागुंतीची असली तरी तिचा गाभा साधा आहे. जडजवाहिराने मढवलेला, वर काळा मुलामा दिलेला एक ससाण्याचा पुतळा आणि त्याच्या मागे लागलेली माणसे. स्पेडचा भागीदार आर्चर पहिल्याच रात्री मारला जातो. तो कोणी मारला हे शोधता शोधता स्पेड या टोळीच्या मधोमध येऊन उभा राहतो. शेवटी पुतळा शिशाचा निघतो, आणि भागीदाराला मारणारी ब्रिजिड, जिच्यावर त्याचा जीव जडलेला असतो, तिला तो पोलिसांच्या हवाली करतो.

समीक्षक या चित्रपटाबद्दल लिहितात ते सावल्यांबद्दल, कॅमेऱ्याच्या कोनांबद्दल, बोगार्टच्या चेहऱ्याबद्दल. ते सगळे खरे आहे. पण खाजगी गुप्तहेर हा काही लेखकाच्या कल्पनेतून उतरलेला प्राणी नव्हे. तो अमेरिकेच्या भांडवलशाहीचा एक नोकर होता. त्याला पगार होता, पगार देणारी कंपनी होती, आणि त्या कंपनीची गिऱ्हाईके होती.

ती कंपनी म्हणजे पिंकर्टन. तिचा संस्थापक ॲलन पिंकर्टन याचे चरित्र आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. जन्म 1819 चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. घर गरीब. हा पिंपे बांधणारा कारागीर. कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चार्टिस्ट चळवळीत तो तरुणपणी होता. 1842 मध्ये तो अमेरिकेत आला आणि शिकागोजवळच्या एका गावात पिंपे बांधू लागला. दक्षिणेतून पळून येणाऱ्या काळ्या गुलामांना त्याच्या घरी आसरा मिळे. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राऊन 1859 मध्ये सुटका केलेल्या गुलामांना घेऊन शिकागोत आला, तेव्हा त्यांच्या पुढच्या प्रवासासाठी पैसे उभे करणाऱ्यांत पिंकर्टन होता. असा हा माणूस. 1850 च्या सुमारास त्याने गुप्तहेरांची संस्था काढली. उघडा डोळा हे तिचे चिन्ह, आणि आम्ही कधी झोपत नाही असे तिचे ब्रीद. ‘प्रायव्हेट आय’, म्हणजे खाजगी डोळा, हा शब्दप्रयोग त्या डोळ्यावरून रूढ झाला असे सांगतात.

तो डोळा पुढे कोणावर रोखला गेला? पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत आयरिश मजूर होते. 1873 पासून पिंकर्टनचा जेम्स मॅकपार्लंड हा माणूस, स्वतः आयरिशच, नाव बदलून त्यांच्यात राहिला, त्यांच्या ताटात जेवला, त्यांच्या बैठकींना बसला. त्याच्या साक्षींचा आधार घेऊन खटले चालले. 1877 ते 1879 या काळात 20 माणसे फासावर गेली, त्यांतली 10 एकाच दिवशी. खाणमालक रेल्वे कंपनीचा अध्यक्षच न्यायालयात सरकारी बाजूने उभा राहिला होता. 1884 मध्ये ॲलन पिंकर्टन मेला आणि धंदा मुलांकडे गेला. 6 जुलै 1892 रोजी कार्नेगीच्या होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात संप चालू असताना 300 पिंकर्टन बंदूकधारी होड्यांतून नदीमार्गे आणले गेले. काठावर कामगार उभे होते. दिवसभर गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसे पडली, त्यांत कामगार अधिक. दुसऱ्या वर्षी सरकारने अशा संस्थांची माणसे सरकारी कामावर घेऊ नयेत असा कायदा झाला. खाजगी मालकांना मात्र कोणी अडवले नाही.

चार्टिस्ट कारागिराचे हे असे झाले. त्याला एकट्याला दोष देऊन भागत नाही, पण तो सोडूनही देता येत नाही. खालून वर आलेला माणूस आपली हुशारी कोणाच्या दावणीला बांधतो, हा प्रश्न काही स्कॉटलंडपुरता नाही.

माझे आजोबा तरुणपणी गावचे येसकर होते. 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली, तोपर्यंत त्यांनी ते काम केले. वेस राखायची, सांगावे पोचवायचे, परका माणूस गावात आला तर पाटलाला खबर द्यायची. आणि चोरी झाली की माग काढायचा. ते सांगत, ओल्या मातीतल्या पावलावरून माणूस लंगडतो की ओझे घेऊन चालतो हे त्यांना कळे. म्हणजे डोळा त्यांचा. पण माग कोठे न्यायचा हे पाटील ठरवी. आणि माग मध्येच हरवला तर पहिली झडती महारवाड्याची होई. ज्याने माग काढला त्याच्याच घरातली गाडगी-मडगी आधी उपसली जात. हॉलीवूडचा गुप्तहेर पाहताना मला आजोबा आठवतात ते यासाठी. पाहण्याची विद्या असणे आणि त्या विद्येचा मालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हॅमेटला हे पक्के ठाऊक होते, कारण तो स्वतः पिंकर्टनचा नोकर होता. 1894 मध्ये मेरिलँडमध्ये जन्म. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. कारण आपल्याकडचेच, घरात पैसा नाही. हरकाम्या पोरगा, हमाल, कारकून अशी मिळेल ती कामे केली. 1915 मध्ये बाल्टिमोरला पिंकर्टनच्या कचेरीत लागला. पाळत ठेवायची, अहवाल लिहायचे. मधल्या काळात सैन्यात गेला, तेथे इन्फ्लुएन्झा आणि त्यामागून क्षय घेऊन आला. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून 1921-22 च्या सुमारास ही नोकरी सुटली आणि तो लिहू लागला. त्याचे वाक्य आखूड, कोरडे असते. मला त्यात पिंकर्टनच्या अहवालांची सवय दिसते: काय पाहिले ते लिहा, काय वाटले ते लिहू नका.

या नोकरीतली एक आठवण त्याच्या आयुष्यावर सावलीसारखी पडलेली आहे. माँटाना राज्यातले ब्यूट हे तांब्याच्या खाणींचे गाव. जून 1917 मध्ये तेथील एका खाणीला आग लागून 160 हून अधिक कामगार मेले आणि संप सुरू झाला. संपकऱ्यांना संघटित करायला फ्रँक लिटल हा कामगार पुढारी आला, पायाला प्लास्टर घातलेले असताना आला. 1 ऑगस्टच्या पहाटे मुखवटे घातलेल्या माणसांनी त्याला खोलीतून उचलले, मोटारीमागे फरफटत नेले आणि रेल्वेच्या पुलाला टांगले. खुनी कधी सापडले नाहीत. हॅमेटची सहचरी, नाटककार लिलियन हेलमन हिने लिहून ठेवले आहे की लिटलला मारण्यासाठी आपल्याला 5000 डॉलर देऊ केले होते असे हॅमेट सांगे. काही चरित्रकार या हकीकतीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि हेलमनच्या आठवणींबद्दल शंका घ्यायला जागा आहे हेही खरे. पण 1929 मध्ये आलेली हॅमेटची ‘रेड हार्वेस्ट’ ही कादंबरी तर समोर आहे. खाणींच्या एका गावात मालक संप मोडायला गुंड आणतो, संप मोडतो, आणि मग गुंडच गाव बळकावून बसतात. सांगणारा गुप्तहेर त्या गावात मालकाच्या पैशाने काम करतो आणि आपले हात रक्ताने भरले हे त्याला कळते. त्या गुप्तहेराला हॅमेटने नावसुद्धा दिलेले नाही. तो नुसता कंपनीचा माणूस.

सॅम स्पेड मात्र कंपनीचा नाही. दारावर त्याचे स्वतःचे नाव आहे. 1934 मध्ये आपल्या कादंबरीला लिहिलेल्या प्रस्तावनेत हॅमेटने कबूल केले की स्पेड हा कोणा खऱ्या माणसावरून घेतलेला नाही, आपल्याबरोबरच्या गुप्तहेरांना जसे व्हावेसे वाटे तसा तो आहे. ही कबुली मला फार मोलाची वाटते. नोकराने पाहिलेले मालक होण्याचे स्वप्न म्हणजे स्पेड. वसतिगृहातल्या खाटेवर बसून मला तो आवडला, तो याच कारणाने आवडला असणार.

आता तारखा पाहू. अमेरिकन सिनेटच्या ला फॉलेट समितीने 1936 पासून कारखान्यांतल्या हेरगिरीची उघड चौकशी चालवली. कामगार संघटनांच्या कार्यकारिणीवर बसलेली माणसे प्रत्यक्षात गुप्तहेर संस्थांचे पगारी खबरे होती, हे साक्षीपुराव्यानिशी बाहेर आले. एकट्या जनरल मोटर्सने 1934 पासूनच्या अडीच वर्षांत अशा संस्थांवर जवळजवळ 10 लाख डॉलर खर्च केल्याचे नोंदले गेले. पिंकर्टनने 1937 मध्ये हा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रे या बातम्यांनी भरून गेली होती. आणि नंतर चारच वर्षांनी, 1941 मध्ये, पडद्यावर खाजगी गुप्तहेर येतो तो कोणत्याही संपाशी, कारखान्याशी, मालकाशी संबंध नसलेला, आपल्या धंद्याचे इमान राखणारा एकटा माणूस म्हणून. कोणी कट करून असे घडवले असे मी म्हणत नाही. पण ज्या धंद्याची अब्रू सिनेटच्या दालनात गेली होती ती चित्रपटगृहात परत मिळाली, एवढे खरे.

तरीही हा चित्रपट टाकाऊ नाही. माझ्या मते त्यातला एक प्रसंग साऱ्या हॉलीवूडने दाखवलेल्या सत्तेच्या चित्रांत फार वरचा आहे. स्पेडच्या घरात रात्रभर बसून सौदा चालला आहे. गटमन, त्याचा साथीदार कैरो, ब्रिजिड आणि विल्मर हा पिस्तूलवाला पोरगा, सगळे एका खोलीत. पुतळा सकाळी यायचा आहे. स्पेड म्हणतो, खून झाले आहेत, पोलिसांना कोणीतरी द्यावा लागेल. बळीचा बकरा पाहिजे. मग कोणाला द्यायचे याची चर्चा सुरू होते, अगदी सभ्यपणे, जणू भाजीचा भाव ठरतो आहे. स्पेड सुचवतो, पोराला द्या. गटमन आधी नाही म्हणतो, हा मला मुलासारखा आहे म्हणतो. मग कैरोचे नाव निघते. हळूहळू आकडे फिरतात, आणि गटमन त्या पोराकडे वळून सांगतो की तुझ्यावर माझा जीव आहे, पण मुलगा गेला तर दुसरा मिळेल, असा पुतळा दुसरा नाही. स्पेडच्या ठोशाने बेशुद्ध पडलेला विल्मर जागा होतो तेव्हा चारी माणसे त्याच्याकडे टक लावून पाहत असतात. एलिशा कुकचा तो चेहरा विसरता येत नाही. आपल्याला विकले आहे हे कोणी न सांगता कळलेला चेहरा.

खून विल्मरने केलेले आहेत, तो काही निरपराध नव्हे. पण त्याला द्यायचे ठरते ते खुनामुळे नव्हे. त्या खोलीत तो सर्वांत खालचा आहे म्हणून ठरते. पिस्तूल त्याच्या हातात, हुकूम दुसऱ्याचा. आणि ही कल्पना गटमनची नाही, आपल्या नायकाची आहे, हे प्रेक्षक का विसरतात? नायक गमतीने, डावपेच म्हणून बोलतो आहे असे वाटायला लावण्याची किमया बोगार्टच्या हसण्यात आहे. मीही पहिल्यांदा त्याच्याबरोबर हसलो होतो.

येथे कादंबरी आणि चित्रपट यांच्यातले दोन फरक सांगितले पाहिजेत. एरवी ह्यूस्टनने कादंबरी जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे, संवादसुद्धा. म्हणून जे गाळले ते जास्त डोळ्यांत येते. कादंबरीत निसटलेला विल्मर शेवटी गटमनला गोळ्या घालतो. विकलेला पोरगा विकणाऱ्याचा हिशेब चुकता करतो. चित्रपटात हे नाही, पोलीस सर्वांना पकडल्याचे सांगतात आणि प्रकरण मिटते. दुसरा फरक स्पेडच्या सचिव मुलीचा, एफीचा. कादंबरीच्या अखेरच्या पानावर, स्पेडने ब्रिजिडला पोलिसांच्या हवाली केले हे कळल्यावर एफी त्याच्यापासून दूर सरते, त्याचा स्पर्श तिला नको होतो. तू बरोबर वागलास हे तिला बुद्धीने कळते आणि तरीही नको होतो. चित्रपट त्याआधीच संपतो. उद्वाहनाची जाळी बंद होते, ब्रिजिडच्या चेहऱ्यावर गजांच्या सावल्या पडतात, स्पेड पुतळा घेऊन जिन्याने उतरतो. चित्र सुंदर आहे. पण नायकाविरुद्ध साक्ष देणारी दोन माणसे कादंबरीत होती, विल्मर आणि एफी. दोघांचीही साक्ष चित्रपटाने नोंदवून घेतली नाही.

आणखी एक गोष्ट. स्पेड उंची हॉटेलांत बिनदिक्कत शिरतो, दिवाणखान्यात बसतो, हॉटेलच्या पहारेकऱ्याला हाताशी धरून दुसऱ्याला हाकलायला लावतो, पोलिसाला तोंडावर सुनावतो आणि ठोसा खाऊन घरी येतो, मरून येत नाही. हे स्वातंत्र्य शौर्याचे म्हणून दाखवले आहे. त्याला लागणारी पहिली पात्रता गोरी कातडी आहे, हे दाखवायची चित्रपटाला गरज वाटली नाही. ते काळ्या लेखकांनी दाखवले. चेस्टर हाइम्स याने पॅरिसला जाऊन 1957 पासून हार्लेमच्या दोन काळ्या पोलीस गुप्तहेरांच्या कादंबऱ्या लिहिल्या. वॉल्टर मोस्लेच्या 1990 च्या कादंबरीवरून 1995 मध्ये ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ हा चित्रपट निघाला. त्यातला काळा माणूस 1948 च्या लॉस एंजेलिसमध्ये शोध घेतो तेव्हा प्रत्येक दार हा एक प्रश्न असतो: येथे मी उभा राहिलो तर कोण काय म्हणेल? अमेरिकन गुप्तहेरकथेतला सगळा बेफिकीरपणा तेथे गळून पडतो.

आता हॅमेटकडे पुन्हा यावे लागते, कारण या चित्रपटाचा खरा शेवट मला पडद्यावर सापडत नाही, तो 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात सापडतो.

1930 नंतरच्या दशकात हॅमेट डाव्या चळवळीत आला. दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने पोखरलेली छाती घेऊन साधा शिपाई म्हणून भरती झाला. युद्धानंतर तो सिव्हिल राइट्स काँग्रेस या संस्थेच्या न्यूयॉर्क शाखेचा अध्यक्ष आणि तिच्या जामीन निधीच्या विश्वस्तांचा प्रमुख झाला. ही संस्था काळ्या लोकांचे खटले लढवी. बलात्काराच्या आरोपावरून, गोऱ्यांच्या ज्यूरीपुढे, फाशी सुनावलेल्या काळ्यांचे खटले. व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलच्या सात जणांसाठी ती लढली, ते सातही फेब्रुवारी 1951 मध्ये मारले गेले. मिसिसिपीतल्या विली मॅकगीसाठी लढली, तो त्याच वर्षी मे महिन्यात मारला गेला. त्याच निधीतून कम्युनिस्ट पुढाऱ्यांचाही जामीन भरला होता. शिक्षा भोगायला हजर होण्याच्या दिवशी त्यांतले चार जण फरारी झाले. सरकारने विश्वस्तांना बोलावले आणि विचारले, निधीत पैसे कोणी कोणी दिले? नावे सांगा.

हॅमेटने उत्तर नाकारले. हेलमन लिहिते की त्याला ती नावे ठाऊकच नव्हती. म्हणजे ‘मला माहीत नाही’ असे खरे उत्तर देऊन तो त्याच दुपारी घरी जाऊ शकला असता. त्याने ते दिले नाही. सरकारला मला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, एवढेसुद्धा त्याला मान्य करायचे नव्हते. 9 जुलै 1951 रोजी न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्याबरोबर तुरुंगात गेलेल्यांत अल्फियस हंटन हा काळा विश्वस्त होता. पूर्वी हॉवर्ड विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक. त्याचे नाव हॅमेटच्या चरित्रांत एखाद्या ओळीत येते. मी शिक्षक असल्याने त्या ओळीपाशी थांबतो.

ज्याच्या नायकाने कोणाला तरी पोलिसांना दिले पाहिजे असा हिशेब मांडला, त्या लेखकाने वेळ आली तेव्हा कोणालाही दिले नाही. बोगार्ट आणि ह्यूस्टन यांचेही येथे सांगितले पाहिजे. ऑक्टोबर 1947 मध्ये हॉलीवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी सुरू झाली, तेव्हा निषेध करायला विमानाने वॉशिंग्टनला गेलेल्यांत हे दोघे होते. पण स्टुडिओंचा आणि वर्तमानपत्रांचा रेटा आला, आणि 1948 मध्ये बोगार्टने आपण कम्युनिस्ट नाही असा खुलासा मासिकात छापला. पडद्यावर सरकारी वकिलाला उडवून लावणारा हाच माणूस. त्याला हसण्याचे धैर्य मला होत नाही.

या प्रकरणाला आपल्या इतिहासाचा एक धागा जोडलेला आहे. 1946 मध्ये नॅशनल निग्रो काँग्रेस या संस्थेने अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीबद्दल संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. त्याबद्दल वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनीही असाच अर्ज करावा असा विचार चालू आहे असे त्यांनी कळवले. दुबॉइस यांनी 31 जुलै 1946 रोजी उत्तर पाठवले. ती नॅशनल निग्रो काँग्रेस पुढे लवकरच सिव्हिल राइट्स काँग्रेसमध्ये विलीन झाली, जिच्या निधीसाठी हॅमेट तुरुंगात गेला त्याच संस्थेत. आणि हॅमेट सुटला त्या 1951 च्या डिसेंबरातच या संस्थेने संयुक्त राष्ट्रसंघापुढे दुसरा अर्ज ठेवला. अमेरिका काळ्यांचा वंशसंहार करीत आहे असा त्यात थेट आरोप होता, आणि सह्या करणाऱ्यांत दुबॉइस होते. दलित साहित्य आणि काळ्यांचे साहित्य यांच्या नात्याबद्दल आपण 1970 नंतर पुष्कळ बोललो. त्या नात्याची ही एक वाट गुप्तहेरकथेच्या परसातून जाते हे मला फार उशिरा कळले.

मला नावे विचारली गेली तो प्रसंग फार लहान आहे. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षभर थकली म्हणून आमच्या भागातल्या मुलांनी मोर्चा काढला होता. मी तेव्हा ज्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होतो तेथे दुसऱ्या दिवशी मला बोलावले. टेबलावर मोबाईलवर काढलेले काही फोटो होते. यांतली मुले तुमच्या वर्गातली ना? नावे लिहून द्या. मला सगळी ठाऊक होती. दोघे माझ्याकडून पुस्तके नेणारे, एक तर माझ्याच तालुक्यातला. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणालो, ओळखू येत नाहीत, सर. नावे मी दिली नाहीत. संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या कोणी दिली. मला पुढच्या वर्षीही तास मिळाले. हॅमेटला माहीत नव्हते आणि तो ‘माहीत नाही’ म्हणाला नाही. मला माहीत होते आणि मी म्हणालो.

शिक्षेतला बराचसा काळ हॅमेटने केंटकीतल्या ॲशलंड येथील तुरुंगात काढला. वय सत्तावन्न, फुप्फुसे आधीच गेलेली. तेथे त्याला संडास-मोऱ्या साफ करण्याचे काम दिले होते, आणि ते आपण चांगले करतो याचा त्याला अभिमान होता असे हेलमनने नोंदवले आहे. बाहेर आला तेव्हा त्याच्या नायकाचा रेडिओवरचा कार्यक्रम बंद पडलेला होता आणि प्राप्तिकर खात्याने त्याच्या उत्पन्नावर टाच आणली होती. 1953 मध्ये मॅकार्थीच्या समितीपुढे त्याला पुन्हा उभे केले. तेथेही त्याने नावे दिली नाहीत. 10 जानेवारी 1961 रोजी तो वारला. दोन्ही महायुद्धांतला शिपाई म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरले आहे. शेवटच्या वर्षांत तो खेड्यातल्या एका लहानशा घरात राहत होता. टंकलेखन यंत्र समोर असे, पण नवीन कादंबरी त्याने पुरी केली नाही.